वळणापलीकडचा घसा

पुढच्या दातांपासून स्वरतंतूंपर्यंतचं अंतर प्रौढ माणसात साधारण १३ ते १५ सेंटीमीटर असतं. एवढ्याशा अंतरात वाट एकदा जवळजवळ काटकोनात वळते. तोंडातून आडवी आत गेलेली वाट जिभेच्या मुळाशी पोचली की खाली उतरू लागते. जेवताना, बोलताना, श्वास घेताना हे वळण आपल्याला कधी जाणवत नाही. त्याच्यामागे गाठ झाली, की मात्र तेच वळण सर्जन आणि गाठ यांच्या मध्ये येतं. जिभेचं मूळ, टॉन्सिलचा खालचा भाग, स्वरयंत्रावरची झडप, घशाची मागची भिंत या जागा तोंड मोठं उघडून बॅटरी मारली तरी नीट दिसत नाहीत. आणि दिसल्या, तरी तिथे दोन हात आणि दोन हत्यारं एकाच वेळी पोचत नाहीत.

हे पुस्तक त्या वळणापलीकडे पोचण्याच्या प्रयत्नांविषयी आहे, आणि त्यातही मुख्यतः एका प्रयत्नाविषयी: हवा तसा बाक घेणारी, घेतलेला बाक धरून ठेवणारी, रोबोच्या साहाय्याने चालणारी लवचिक दुर्बीण. रोबो म्हटलं की आपलं आपण ऑपरेशन करणारं यंत्र डोळ्यांपुढे येतं. ते चित्र आधीच पुसून टाकलेलं बरं. इथे ज्यांची माहिती येते त्यांपैकी एकही यंत्र स्वतःहून काही कापत नाही. निर्णय सर्जनचा, हात सर्जनचे आणि जबाबदारीही त्याचीच. माणसाचं मनगट जिथे वळू शकत नाही तिथे वळणं आणि नजर पोचत नाही तिथे कॅमेरा नेऊन तो स्थिर धरणं, एवढंच यंत्राचं काम.

पण तेवढ्याने काय साधतं, हे कळायला आधी जुनं ऑपरेशन माहीत हवं. जिभेच्या मुळाशी दोन-अडीच सेंटीमीटरची गाठ आहे असं धरू. तिथवर जाण्यासाठी खालचा ओठ मधोमध चिरायचा, हनुवटीखालून चीर मानेपर्यंत न्यायची, खालचा जबडा करवतीने कापून बाजूला सारायचा. गाठ काढून झाली की जबडा पट्टी आणि स्क्रूंनी पुन्हा जोडायचा. सूज उतरेपर्यंत श्वासासाठी गळ्याला भोक, अन्नासाठी नाकातून नळी. अनेकांचे जीव या ऑपरेशनने वाचवले आहेत आणि मोठ्या गाठींसाठी ते आजही लागतं, त्यामुळे त्याला नावं ठेवण्याचा प्रश्नच नाही. पण त्यातला बराचसा घाव गाठीसाठी नसतो, गाठीपर्यंतच्या वाटेसाठी असतो. निरोगी ओठ, निरोगी हाड आणि निरोगी स्नायू कापले जातात ते केवळ आड येतात म्हणून. घशाच्या सर्जरीतल्या गेल्या शंभराहून अधिक वर्षांच्या धडपडीमागे हीच खंत आहे.

तिची सुरुवात एका गाण्याच्या शिक्षकाने केली. मानुएल गार्सिया मूळचा स्पॅनिश, लंडनमध्ये गाणं शिकवत असे. १८५४ साली त्याने दंतवैद्याचा लांब दांड्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या हातातल्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. पुढच्याच वर्षी त्याने आपली निरीक्षणं रॉयल सोसायटीपुढे मांडली. त्याला रोगाशी कर्तव्य नव्हतं, आवाज कसा निघतो ते हवं होतं. पण त्याच्या त्या आरशाने डॉक्टरांना वळणापलीकडे पाहायला शिकवलं.

दिसणं आणि पोचणं यांत किती अंतर आहे, ते १८८७ साली सगळ्या युरोपने पाहिलं. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा आवाज बसला. स्वरतंतूवर गाठ दिसत होती. बर्लिनच्या सर्जनांना घसा बाहेरून उघडून ती काढायची होती. लंडनहून बोलावलेल्या मोरेल मॅकेन्झीने आरशात पाहत तोंडावाटे चिमट्याने तुकडे काढले. ते थोर विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी तपासले आणि त्यांत कॅन्सर आढळला नाही. गाठ मात्र कॅन्सरचीच होती. फ्रेडरिक १८८८च्या मार्चमध्ये सम्राट झाला तेव्हा त्याच्या गळ्याला भोक पडलेलं होतं आणि वाचा गेली होती. ९९ दिवसांनी तो वारला. आरशात उलट्या दिसणाऱ्या चित्राच्या भरवशावर, वाकड्या चिमट्याने, जागेपणी उबळ येणाऱ्या घशातून काढलेला तुकडा नेमक्या जागेचा असेलच असं नसतं. आजही तुकडा तपासणीत काही निघालं नाही आणि तरी शंका उरली, तर जाणता डॉक्टर पुन्हा तुकडा घेतो. त्यामागे ही जुनी शहाणीव आहे.

पुढच्या पिढीने वळणाशी झगडण्याऐवजी ते सरळच करून टाकलं. १८९५ साली बर्लिनच्या आल्फ्रेड किर्शटाइनने आरसा बाजूला ठेवला, मान मागे टाकली, जीभ पुढे दाबली आणि सरळ नळीतून थेट स्वरयंत्र पाहिलं. गुस्टाफ किलियानने ती नळी टांगून ठेवण्याची सोय केली आणि सर्जनचे दोन्ही हात मोकळे झाले. अमेरिकेत शव्हालिए जॅक्सनने हे तंत्र पराकोटीला नेलं. मुलांनी गिळलेल्या आणि श्वासात गेलेल्या पिना, नाणी, बटणं, हाडं त्याने चिरफाड न करता तोंडावाटे काढली. त्यांतल्या दोन हजारांहून अधिक वस्तू फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आजही आहेत. जॅक्सन पिट्सबर्गमध्ये वाढला, तिथेच त्याने नाव कमावलं आणि नंतर फिलाडेल्फियाला गेला. ही दोन शहरं वाचकाने लक्षात ठेवावीत, कारण शंभर वर्षांनी ही कथा पुन्हा तिथेच येते.

१९६०च्या दशकात ऑस्कर क्लाइनझासरने सरळ नळीला सूक्ष्मदर्शक जोडला, १९७२च्या सुमारास बोस्टनमध्ये स्ट्राँग आणि याको यांनी त्याला कार्बन डायऑक्साइड लेझर जोडला आणि गटिंगेनच्या वोल्फगांग श्टायनर यांनी लेझरने कॅन्सरच्या गाठी तोंडावाटे काढण्याची पद्धत उभी केली. ती पद्धत उत्तम आहे आणि यंत्रांच्या गर्दीतही तिचं मोल कमी झालेलं नाही. पण तिची अट एकच आणि कडक: सर्जनच्या डोळ्यापासून गाठीपर्यंत सरळ रेषा मिळाली पाहिजे. दात पुढे आलेले, मान आखूड किंवा आखडलेली, जबडा मागे दबलेला, जीभ जाड, की ती रेषा मिळत नाही. मग ऑपरेशनच्या टेबलावर सर्जन अर्धा तास नळी बसवत राहतो आणि शेवटी बाहेरून उघडण्याचा निर्णय घेतो.

दुसरी वाट लवचिकपणाची. १९५४ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेता येतं हे दाखवलं. तीन वर्षांनी मिशिगनमध्ये बेझिल हर्शोविट्झ यांनी त्यावर आधारलेली पोटाची दुर्बीण करून दाखवली. १९६८मध्ये जपानच्या सावाशिमा आणि हिरोसे यांनी नाकातून घालायची घशाची बारीक दुर्बीण आणली. आज कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नाकातून जी बारीक नळी घालतात, ती हिचीच वंशज. ती वळणं सहज घेते, रुग्ण जागा असताना बोलता-गाताना स्वरतंतू दाखवते. पण तिच्या अंगात जोर नाही. टोकाने पेशी खेचायला जावं तर नळीच मागे वाकते, आणि दुर्बीण धरण्यातच सर्जनचा एक हात अडकतो.

म्हणजे ताठ नळीत जोर होता, वळण नव्हतं. लवचिक नळीत वळण होतं, जोर नव्हता. या पुस्तकाचा सगळा विषय या एका पेचातून निघालेला आहे आणि तो मनात धरला तर पुढची यंत्रं समजायला अवघड जात नाहीत.

पहिलं उत्तर फिलाडेल्फियातून आलं. पोट आणि प्रोस्टेटच्या ऑपरेशनांसाठी दा विंची रोबो तोवर वापरात होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले ग्रेगरी वाइनस्टीन आणि बर्ट ओ'मॅली यांनी २००४-०५पासून तो आधी मृतदेहांवर आणि प्राण्यांवर, मग रुग्णांवर घशासाठी वापरून पाहिला. सर्जन काही फूट दूर बसून दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्यातून खोली असलेलं चित्र पाहतो आणि त्याच्या बोटांच्या हालचाली रुग्णाच्या घशातली पाच ते आठ मिलिमीटर जाडीची हत्यारं करतात. त्यांच्या टोकांना मनगट असतं. त्यामुळे सरळ रेषेची अट सैल झाली आणि कॅमेरा तिरक्या भिंगाने जिभेच्या मुळाकडे पाहू लागला. डिसेंबर २००९मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने घशातल्या लहान गाठींसाठी या वापराला मान्यता दिली. तरी एक गैरसोय राहिलीच. टोकाला मनगट असलं तरी हत्यारांचे दांडे सरळ आणि ताठच होते. तीन दांडे एका तोंडातून घालायचे म्हणजे ते एकमेकांवर आपटणार. खाली स्वरयंत्राकडे जावं तशी ही अडचण वाढत जाते.

दुसरं उत्तर पिट्सबर्गचं, आणि ते घशासाठी शोधलेलंच नव्हतं. कार्नेगी मेलन विद्यापीठात हॉवी चोझेट सापासारखे रोबो बनवत होते. पिट्सबर्ग विद्यापीठातले हृदयशल्यविशारद मार्को झेनाटी यांना छातीचं हाड न कापता, छातीखालच्या एका लहानशा भोकातून शिरून धडधडत्या हृदयाच्या मागच्या बाजूला पोचायचं होतं. अलोन वोल्फ आणि अमीर देगानी यांच्यासह त्यांनी जी सळई घडवली तिची युक्ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी वाटते, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर.

मण्यांची माळ दोरा सैल असेल तर हवी तशी वळते, आणि दोरा ताणून धरला की आहे त्या आकारात ताठ होते. आता अशा दोन माळा, एक दुसरीच्या पोटात, अशी कल्पना करा. आतली एका तारेने ताणता येते, बाहेरचीला तीन तारा असतात, त्यामुळे तिचं टोक हव्या दिशेला वळवता येतं. सुरुवातीला आतली ताठ करायची आणि बाहेरची सैल सोडून तिच्यावरून एक मणी पुढे सरकवायची, टोक हवं तिकडे वळवायचं. मग बाहेरची ताठ करायची, आतली सैल करून पुढे आणायची. पुन्हा आतली ताठ, बाहेरची सैल. अशी एकेक पाऊल करत सळई पुढे जाते. प्रत्येक क्षणी दोघींपैकी एक ताठ असल्यामुळे मागचा सगळा आकार जिथल्या तिथे राहतो, सरकतं ते फक्त टोक, आणि उरलेलं अंग टोकाने काढलेल्या वाटेनेच मागून येतं. आजूबाजूच्या पेशींवर रेटा देऊन वळण्याची तिला गरज नसते. सुरुवातीच्या नमुन्यात असे पन्नासेक मणी होते. नेऊन पोचवल्यावर दोन्ही माळा ताणल्या की ती वाकलेलीच राहून ताठ होते. जोर आणि वळण एकाच अंगात आणण्याचा पेच इथे सुटला.

प्रयोग डुकरांच्या हृदयावर झाले. पुढे यंत्राने हृदय सोडलं आणि घसा धरला. मला तो बदल अगदी रास्त वाटतो. घशाकडे जायला निसर्गाने वाट आधीच दिलेली आहे, भोक पाडावं लागत नाही. ती वाट वळणाची आहे, आणि वळण ठरलेलं आहे. हृदयासारखी जागा सतत हलतही नाही. उमामहेश्वर दुव्वुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्गमध्ये मृतदेहांवर या सळईने जिभेचं मूळ आणि स्वरयंत्र गाठून दाखवलं. हे यंत्र बनवणारी कंपनी मॅसॅच्युसेट्समध्ये गेली, मेडरोबोटिक्स या नावाने ओळखली गेली आणि यंत्राचं नाव फ्लेक्स झालं. २०१४ साली त्याला युरोपात आणि जुलै २०१५मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. जर्मनीत एसेनला श्टेफान लांग यांनी आणि बेल्जियममध्ये मार्क रेमाक्ल यांनी ते रुग्णांवर सुरुवातीलाच वापरलं.

फ्लेक्समधली आणखी एक निवड आवर्जून सांगण्याजोगी आहे. इथे रोबो फक्त दुर्बीण नेतो. सर्जन रुग्णाच्या डोक्याशी उभा राहून जॉयस्टिकने ती जिभेच्या मुळामागे उतरवतो आणि जागी ताठ करतो. मग तिच्या दोन बाजूंच्या मार्गिकांतून साधारण साडेतीन मिलिमीटर जाडीची लवचिक हत्यारं स्वतःच्या हातांनी घालून काम करतो. पेशीचा कठीणपणा, ताण, ओढ हे हाताला कळतं. दा विंचीच्या त्या काळच्या आवृत्त्यांत तसं कळत नसे, डोळ्यांनीच अंदाज घ्यावा लागे. घशात गाठीची कड कुठे संपते हे अनेकदा बोटाला आधी कळतं, त्यामुळे ही निवड मला मोलाची वाटते. उलट बाजूही आहे. लांब लवचिक हत्यारं हाताने चालवताना हालचाल थोडी विरते, दोरा बांधणं कठीण जातं. आणि दा विंचीत हाताची सूक्ष्म थरथर जशी यंत्र गाळून टाकतं तसं इथे होत नाही.

हे यंत्र बाजारात टिकलं नाही. काही वर्षांतच ते मागे पडलं आणि त्याची विक्री थांबली. म्हणून ही वाट वाया गेली असं मात्र मी म्हणणार नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नबील सिमान, रसेल टेलर आणि घशाचे सर्जन पॉल फ्लिंट यांनी २००४च्या आसपासच निकेल-टायटॅनियमच्या बारीक नळ्यांनी वाकणारा, चारेक मिलिमीटर जाडीचा हात स्वरयंत्रासाठी मांडला होता. त्याच विद्यापीठात जेरेमी रिचमन आणि सहकाऱ्यांनी बाजारात मिळणारी साधी लवचिक दुर्बीणच रोबोच्या हातात दिली. धरायला यंत्र, म्हणजे सर्जनचे दोन्ही हात मोकळे. नवं हत्यार शोधण्याऐवजी असलेल्याला तिसरा हात देण्याची ही कल्पना साधी आहे, आणि कमी पैशांत काम भागवू पाहणाऱ्या देशांनी तिच्याकडे अधिक लक्ष द्यायला हवं. दा विंचीनेही पुढे लवचिकपणा घेतला. पंचवीस मिलिमीटरच्या एकाच नळीतून तीन वाकणारी हत्यारं आणि वाकणारा कॅमेरा नेणारी त्याची आवृत्ती हाँगकाँगमध्ये जेसन चॅन यांनी घशासाठी तपासून पाहिली, आणि मार्च २०१९मध्ये अमेरिकेत तिला तोंडावाटेच्या ऑपरेशनांसाठी मान्यता मिळाली.

यंत्रांविषयी इतकं पुरे. टेबलावर प्रत्यक्षात काय घडतं त्याकडे वळतो, कारण धोके तिथे आहेत. मानेची रचना सर्जन बाहेरून आत शिकलेला असतो: आधी कातडी, मग स्नायू, मग मोठ्या रक्तवाहिन्या, शेवटी घशाची भिंत. तोंडावाटे जाताना हा क्रम उलटतो. घशाच्या भिंतीचा पातळ स्नायू आधी लागतो, आणि त्याच्यामागे, टॉन्सिलच्या खोबणीपासून साधारण अडीच सेंटीमीटरवर, मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी असते. काही जणांत ती वळसा घेऊन घशाच्या मागच्या भिंतीलाच येऊन टेकलेली असते. स्कॅनवर ते दिसलं तर त्या जागी हा मार्ग धरायचा नाही. जिभेच्या मुळात बाजूने शिरणारी धमनी सापडली नाही तोवर सर्जन श्वास रोखून असतो. ऑपरेशननंतरच्या दोन आठवड्यांत शंभरातल्या काही जणांना रक्तस्राव होतो. घरी गेलेल्या रुग्णाला रात्री तोंडातून रक्त आलं तर ते पोटात नाही, श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. त्यामुळे अनेक सर्जन मानेतल्या त्या बाजूच्या रक्तवाहिन्या आधीच बांधून ठेवतात.

भूलतज्ज्ञाचं कामही जोखमीचं. ज्या वाटेवर सर्जनला काम करायचं, तीच रुग्णाच्या श्वासाची वाट. श्वासाची नळी बहुधा नाकातून घालतात, म्हणजे तोंड मोकळं राहतं. लेझर किंवा विजेची सुरी चालू असताना नळीतला ऑक्सिजन कमी ठेवावा लागतो, नाहीतर घशातच आग लागू शकते. अशा खोलीत सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रुग्णाच्या डोक्याशी बसून रक्त खेचणारा सहायक यांनी एकमेकांशी सतत बोलत राहायला हवं. एखाद्या रुग्णालयाने यंत्र घेतलं पण तिघांना एकत्र शिकवलं नाही, तर ते यंत्र तिथे धोक्याचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि एक गोष्ट रुग्णाला आधीच सांगितलेली बरी. तोंडावाटे ऑपरेशन म्हणजे मानेवर चीर नाही, असं नव्हे. घशाच्या कॅन्सरची मुळं मानेतल्या गाठींत लवकर उतरतात आणि त्या गाठी काढायला मानेवर चीर द्यावीच लागते. तोंडाच्या कॅन्सरबाबत हा मुद्दा मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने जगाला पटवला. अनिल डिक्रुझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवलं की, सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांत मानेच्या गाठी पहिल्या ऑपरेशनमध्येच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत ते प्रमाण ६७.५ टक्के होतं. तो अभ्यास तोंडाचा होता, घशाचा नव्हे. तरी मानेकडे दुर्लक्ष करणं किती महाग पडतं ते त्याने शिकवलं.

आता खरा प्रश्न. या सगळ्याने रुग्णाचं भलं झालं का? मी ते मोजतो ते गिळण्याने. आपण दिवसाला पाचशेहून अधिक वेळा गिळतो. प्रत्येक वेळी तीसच्या आसपास स्नायू सेकंदभरात ठरल्या क्रमाने हलतात, श्वासाची वाट बंद होते आणि घास अन्ननलिकेत उतरतो. हा क्रम बिघडला की पाणी छातीत जातं, न्यूमोनिया होतो, माणूस चारचौघांत जेवायला बसेनासा होतो. कॅन्सर गेला आणि पोटाला लावलेली नळी कायमची राहिली, असे रुग्ण ज्यांनी घरात पाहिले आहेत त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. ऑपरेशनच्या बाजूने युक्तिवाद असा होता की, गाठ तोंडावाटे काढली तर शेक, म्हणजे किरणोपचार, कमी द्यावा लागेल, आणि शेकाने घशाचे स्नायू कायमचे आखडतात ते टळेल.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या रुग्णालयांनी ६८ रुग्णांवर ते सरळ तपासलं. निम्म्यांना शेक, निम्म्यांना तोंडावाटे रोबो. २०१९मध्ये निष्कर्ष आला. वर्षभरानंतर गिळण्याच्या शंभरपैकी गुणांत शेक घेतलेल्यांची सरासरी ८६.९ होती, ऑपरेशन झालेल्यांची ८०.१. फरक होता, पण रोजच्या जगण्यात जाणवेल इतका नव्हता, आणि तो अपेक्षेच्या उलट दिशेला होता. त्यानंतरचा ६१ रुग्णांचा अभ्यास तर ऑपरेशनच्या गटात उपचारांमुळे दोन मृत्यू झाल्याने मध्येच थांबवावा लागला. दुसरीकडे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, तोंडावाटे ऑपरेशननंतर ६०ऐवजी ५० ग्रे (ग्रे हे शेकाच्या मात्रेचं एकक) शेक दिलेल्या मध्यम जोखमीच्या रुग्णांपैकी सुमारे ९५ टक्के दोन वर्षांनी रोग न बळावता होते. म्हणजे शेक कमी करण्याची आशा खोटी नाही. पण ऑपरेशन शेकापेक्षा सरस आहे, असं छातीवर हात ठेवून आज कुणी म्हणू नये. लवचिक यंत्रांविषयीचे बहुतेक अभ्यास तर त्याहून प्राथमिक प्रश्नाचे आहेत: पोचता येतं का, दिसतं का, सुरक्षित आहे का. एसेनच्या पुढाकाराने युरोपात झालेल्या अभ्यासात बहुतेक रुग्णांच्या गाठीपर्यंत पोचता आलं. ही चांगली सुरुवात होती. गिळणं सुधारलं याचा तो पुरावा नव्हे.

महाराष्ट्रातल्या वाचकाने हे आकडे वाचताना आणखी एक भान ठेवायला हवं. पाश्चात्त्य देशांतल्या या रुग्णांचा कॅन्सर बहुतांशी पॅपिलोमा विषाणूमुळे झालेला होता. तो शेकालाही, ऑपरेशनलाही चांगला प्रतिसाद देतो. आपल्याकडचा घशाचा कॅन्सर बहुतांशी तंबाखूचा आहे, आणि तो तितका सरळ नाही. तिकडे शेक दहा ग्रेने कमी करून चाललं, म्हणून इकडे चालेल असं धरून चालणं घातक ठरू शकतं. शिवाय आपले रुग्ण उशिरा येतात. तोंडावाटे काढता येण्याजोगी लहान गाठ घेऊन येणारा आपल्या ओपीडीत थोडा.

आणि आलाच, तर त्याचं तोंड उघडतं का? तोंड उघडेनासं करणारा आजार मुंबईचे घशाचे सर्जन एस. जी. जोशी यांच्या पिढीने जवळून पाहिला. जोशींनीच १९५३ साली टाळू आणि घशाच्या कमानींच्या कातडीखाली तंतू धरून ती आखडत जाते, याचं वर्णन करून त्याला नाव दिलं. कारण सुपारी. खर्रा, मावा, गुटखा यांनी तो आता विशी-पंचविशीतल्या पोरांत आणून सोडला आहे. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी विदर्भातल्या कुठल्याही पानठेल्यावर खर्रा घोटून मिळतो. उभी तीन बोटं दातांमध्ये सहज जावीत हा साधा दाखला. या मुलांच्या तोंडात एक बोट कष्टाने जातं. पंचवीस मिलिमीटरची नळी तिथे कुठून घालणार? जगातली सर्वांत लवचिक दुर्बीणसुद्धा दातांच्या आतच वळू शकते. अशा रुग्णाला भूल देतानाही भूलतज्ज्ञाला नाकातून बारीक लवचिक दुर्बीण घालून तिच्यावरून श्वासाची नळी सरकवावी लागते. लवचिक दुर्बिणीचं आपल्याकडचं खरं रोजचं काम हेच आहे, आणि जिल्हा रुग्णालयांत ती दुर्बीण आणि ती चालवणारा माणूस असणं ही मला कोट्यवधींच्या रोबोपेक्षा आधीची गरज वाटते.

तरीही हे पुस्तक मराठीत यावं असं मला मनापासून वाटलं, कारण या वाटेचे उपयोग खरे आहेत. मानेत गाठ आली पण मूळ सापडत नाही अशा रुग्णांत जिभेच्या मुळाची पातळ साल तोंडावाटे काढून तपासली की अनेकदा लपलेली लहानशी गाठ हाती लागते, आणि सगळ्या घशाला शेक देणं टळतं. इटलीत फोर्लीच्या क्लाउडिओ विचिनी यांनी झोपेत श्वास अडकणाऱ्यांसाठी याच वाटेने जिभेचं मूळ कमी केलं. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत रोबो आलेले आहेत, जाहिरातीही येतात. ज्याच्या घरात असा रुग्ण आहे त्याला जाहिरातीच्या पलीकडे, आपल्या भाषेत, ही माहिती मिळायला हवी. माझ्या गाठीला हा मार्ग योग्य का, शेक टळेल की फक्त कमी होईल, रक्तस्राव झाला तर रात्री कोण असेल, गिळणं शिकवणारा थेरपिस्ट इथे आहे का, हे प्रश्न विचारण्याचा त्याला हक्क आहे, आणि चांगला सर्जन त्या प्रश्नांनी दुखावत नाही.

पुढची प्रकरणं क्रमाने वाचलीच पाहिजेत असं नाही. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी आतून बाहेर जाणाऱ्या रचनेचं प्रकरण आकृत्यांसह सावकाश पाहावं. अभियांत्रिकीच्या वाचकांनी तारा आणि मण्यांच्या गणिताकडे सरळ जावं. रुग्ण किंवा नातेवाईक म्हणून हाती घेणाऱ्यांनी यंत्रांची पानं मागे ठेवून आधी गिळण्याच्या व्यायामांचं प्रकरण वाचावं, कारण ते व्यायाम उपचार सुरू होण्याच्या आधीपासूनच करायचे असतात.